सातेरीची तब्येत

घरामागे मधमाशीच्या पेट्या आहेत असं कळलं की पाहुणे पहिला प्रश्न विचारतात मध किती निघतो, दुसरा प्रश्न चावत नाहीत का, आणि तिसरा येतच नाही कारण तोवर चहा आलेला असतो. माशी बरी आहे का असं विचारणारे आमच्याकडे एकच, शेजारचे आबा. गडग्यापलीकडून जाताना थांबतात, पेटीकडे बघतात आणि म्हणतात, "काय गो, माशी बरी मां?" आणि मी काही उत्तर देईपर्यंत त्यांचं बघून झालेलं असतं, मान हलवून पुढे निघतात. त्यांना काय दिसतं हे कळायला मला बराच काळ लागला, आणि आता जे थोडंफार कळतंय ते लिहून ठेवावं म्हणून हा लेख. आमचं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्र जवळ, मागे माड-पोफळी आणि वर सड्यावर काजू, तेव्हा मी लिहितेय ते इथल्या हवेतलं आणि इथल्या सातेरी माशीबद्दलचं, म्हणजे पेटीत पाळतात त्या आपल्या देशी मधमाशीबद्दलचं, तुम्ही घाटावर असाल तर महिने थोडे पुढेमागे करून घ्या.

आधी तो मधाचा विषय संपवते. मध भरपूर म्हणजे माशी सुदृढ, असं वाटणं साहजिक आहे पण ते पुष्कळदा उलटं निघतं. समजा ऐन हंगामात राणी गेली, म्हातारी झाली, पक्ष्याने खाल्ली, काहीही झालं आणि पेटीत नवी राणी तयार झाली नाही, तर काय होतं? शेवटची अंडी १९-२० दिवसांत माश्या होऊन बाहेर पडतात, मग भरवायला पिल्लंच उरत नाहीत, आणि पोळ्याच्या ज्या घरांत पिल्लं असायची त्या रिकाम्या घरांतही कामकरी माश्या मकरंद भरत सुटतात कारण बाहेर फुलोरा आहे आणि त्यांना दुसरं काम नाही. अशी पेटी उचलून बघितली तर चांगली जड लागते. मालक खूश. आणि पुढच्या महिन्या-दीड महिन्यात माश्या वय होऊन मरत जातात, मागून नवीन येत नाहीत, पाऊस सुरू होतो आणि एक दिवस पेटीत मेणकिड्याची (पोळ्यात माजणाऱ्या अळीची) जाळी आणि मूठभर माश्या. कामकरी माशीचं आयुष्य कामाच्या दिवसांत पाच-सहा आठवड्यांचं असतं हे एकदा डोक्यात बसलं की मग कळतं, आज पेटीत किती माश्या आहेत याला फारसा अर्थ नाही, दीड महिन्याने किती असतील ते आज बघायचं असतं. वजन हे मागच्या महिन्याचं सांगतं, पुढच्याचं नाही.

मग पुढचं कशावरून कळतं? बरंचसं गेटवरून. पेटीच्या दाराला आमच्याकडे सगळे गेटच म्हणतात. सकाळी ऊन वर यायच्या आधी, साधारण सात ते नऊ, पेटीच्या समोर नाही (त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत उभं राहिलात की डोक्यात माशी अडकलीच समजा) तर बाजूला, थोडं अंतर ठेवून स्टूल टाकून बसायचं आणि येणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांकडे बघायचं. परागाचे गोळे दिसतात. फिकट पिवळे असतील तर बहुतेक माडाचे, कारण माडाला वर्षभर जवळपास दर महिन्याला नवीन पोय फुटत असते आणि किनाऱ्यावरच्या माशीला हे एक मोठं वरदान आहे, बाकी सगळं सुकलं तरी माड काहीतरी देतोच. पावसाळ्यात परसातल्या भोपळ्याचा गडद पिवळा पराग, लाजाळूचा, भात फुलोऱ्याला आलं की सकाळी त्याच्यावरही जातात, आणि श्रावणात तेरडा फुलला की माश्या पाठीवर पांढरी पावडर चोळल्यासारख्या घरी येतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं यांना बुरशी लागली. काही नाही, तेरड्याच्या फुलाची रचनाच अशी आहे की आत शिरताना पराग पाठीवर लागतो.

पराग एवढा महत्त्वाचा का, तर मध हे माश्यांच्या उडण्याचं इंधन आहे पण पिल्लं वाढतात ती परागावर, त्यातली प्रथिनं खाऊन दाई माश्या पिल्लांचं अन्न तयार करतात. त्यामुळे पराग भराभर आत जातोय याचा अर्थ आत खाणारी तोंडं आहेत, आणि तोंडं आहेत म्हणजे बहुतेक राणी अंडी घालतेय. बहुतेक म्हणतेय, कारण राणी नसलेल्या पेटीतसुद्धा थोडाफार पराग येत राहतो, विशेषतः कामकरी माश्याच अंडी घालायला लागल्या असतील तर. पण तिथे फरक असतो. चांगल्या पेटीत परागवाली माशी गेटवर उतरते आणि तडक आत जाते. बिघडलेल्या पेटीत ती गेटवर रेंगाळते, इकडेतिकडे फिरते, पुन्हा बाहेर येते. हे वाचून कळत नाही, दोन पेट्या शेजारी ठेवून बघितल्या की पाच मिनिटांत कळतं, म्हणून मी कुणालाही सांगते की एक पेटी घेऊ नका, निदान दोन घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?

गेटवर अजून बरंच चाललेलं असतं. पहारेकरी माश्या असतात, येणाऱ्या प्रत्येकीला हुंगून बघतात. दुपारी कधीतरी पंधरा-वीस मिनिटं अचानक गेटसमोर गर्दी होते, माश्या पेटीकडे तोंड करून वरखाली तरंगतात आणि नवीन माणसाला वाटतं पेटी पळाली, धावाधाव. त्या असतात तरुण माश्या, पहिल्यांदा बाहेर आलेल्या, आपलं घर कुठे आहे ते पाठ करत असतात. हे दृश्य मला सगळ्यात जास्त आवडतं कारण याचा सरळ अर्थ असा की तीनेक आठवड्यांपूर्वी आणि त्याच्याही आधी राणी नीट काम करत होती. थोड्या वेळाने सगळं शांत होतं. गेटखाली सकाळी चार-दोन मेलेल्या माश्या दिसणं यातही घाबरायचं काही नाही, आतल्या मेलेल्या बाहेर आणून टाकणाऱ्या माश्या वेगळ्या असतात आणि त्या काम करतायत म्हणून तर तुम्हाला त्या दिसल्या. काळजी कधी करायची, तर गेटखाली ढीग पडला आणि त्यातल्या पुष्कळ माश्यांची सोंड बाहेर आलेली असली तर. ते विषाचं लक्षण. त्याबद्दल पुढे बोलते.

इथे मला व्हिडिओंबद्दल तक्रार करायचीय. मोबाईलवर मधमाशीपालन शोधलं की दहातले नऊ व्हिडिओ येतात ते मेलिफेरा माशीचे, म्हणजे युरोपातून आणलेली ती मोठी माशी जी उत्तरेत मोहरीच्या शेतात शेकड्याने पेट्या लावून पाळतात. माहिती चांगली असते, खोटी नसते, पण ती आपल्या माशीची नसते. मेलिफेराची भरलेली पेटी बघून आपली पेटी बघितली की वाटतं आपली आजारी आहे, अर्ध्याच माश्या दिसतात. आहेतच त्या कमी, सातेरीचा संसारच छोटा, ती वर्षाला पाच-सात किलो मध देईल आणि तेवढ्यातच तिची तब्येत बघायची. मी एकदा आबांना मोबाईलवर असा एक व्हिडिओ दाखवला तर शांतपणे पूर्ण बघितला आणि म्हणाले, "ती माशी गोऱ्यांची, ही आपली. तेंचे नियम तू हिका कित्याक लावतंस गो?" त्यांनी मेलिफेरा आयुष्यात पाळलेली नाही पण बोलले ते शास्त्राच्या पुस्तकातलंच.

उदाहरणं देते. गरमीत माश्या गेटवर बसून पंखांनी वारा घालतात. मेलिफेरा डोकं पेटीकडे करून बसते आणि आतली गरम हवा बाहेर ओढते, सातेरी डोकं बाहेर करून बसते आणि बाहेरची हवा आत ढकलते. आता व्हिडिओ बघून कुणी म्हणालं की आमच्या माश्या उलट्या बसतात तर चुकलं कोण? दुसरं, मेलिफेरा झाडांचा चीक गोळा करून पेटीच्या फटी बुजवते, सातेरी ते करत नाही, त्यामुळे फटी दिसल्या तर माशी आळशी नाही, सुताराने काम नीट केलं नाही, तुम्हीच त्या मेणाने नाहीतर शेणमातीने बुजवा. तिसरं, सातेरीला जुनं काळं पडलेलं पोळं आवडत नाही, ती ते कुरतडून टाकते आणि तळाच्या फळीवर तपकिरी भुसा पडतो. भुसा कोरडा आणि मोकळा असेल तर काही नाही, झाडून टाका. त्याच भुशात बारीक जाळी दिसली, काळे बारीक दाणे दिसले, अळी वळवळली तर मात्र मेणकिडा. मेणकिडा हा खरं म्हणजे रोग नाही, मजबूत पेटीत माश्या अळ्या उचलून बाहेर फेकतात, ज्या पेटीत पोळी जास्त आणि ती झाकायला माश्या कमी तिथेच तो माजतो. म्हणून मेणकिडा दिसला की औषध शोधण्याआधी प्रश्न विचारायचा की माश्या कमी का झाल्या, आणि माश्यांनी सोडून दिलेल्या चौकटी (माश्या ज्यात पोळं बांधतात त्या लाकडी फ्रेमा) काढून घ्यायच्या.

आणि ते भोकाचं प्रकरण. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण यात भलीभली माणसं फसतात. मेलिफेराच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, पिल्लांच्या घरांवरच्या मेणाच्या झाकणांना भोकं दिसली की रोग समजा. सातेरीच्या चौकटीत खालच्या बाजूला, कडेला, थोडी उंच टोपीसारखी झाकणं असतात, ती नर माश्यांची घरं, आणि त्यांच्या प्रत्येक झाकणाच्या टोकाला मधोमध एक बारीक गोल भोक असतंच. ते सातेरीचं मूळचं आहे, आतल्या कोषालाच ते छिद्र असतं, आणि वरचं मेण कामकरी माश्या काढून टाकतात तेव्हा ते उघडं दिसतं. रोग नाही. पण सपाट, फिकट तपकिरी कामकरी पिल्लांच्या झाकणांना वेडीवाकडी भोकं पडली असतील, कुठे झाकण आत खचलेलं, कुठे अर्धवट कुरतडलेलं, तर मात्र थांबून बघायला हवं. काडीने झाकण हळूच उचलायचं. आत पिल्लू डोकं वर करून, नौकेसारखं वाकलेलं, चिमट्याने उचललं तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं अख्खं बाहेर येतं, तर तो सॅकब्रूड. विषाणूचा रोग. याचा थायी प्रकार थायलंडमध्ये १९७६ मध्ये सापडला आणि १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात शिरला तेव्हा तिकडच्या सातेरीच्या बहुतेक पेट्या बसल्या, कित्येक कुटुंबांनी धंदाच सोडला. याच्यावर औषध नाही. करता येतं ते इतकंच की आजारी चौकटी काढायच्या, राणीला काही दिवस अंडी घालू द्यायची नाहीत म्हणजे पिल्लांची साखळी तुटते, माश्या कमी असतील तर पेटी छोटी करायची, आणि ज्या पेट्या रोगातून स्वतः उभ्या राहिल्या त्यांच्यापासूनच पुढची पिढी करायची. आजारी पेटीची चौकट चांगल्या पेटीत घालायची नाही हे सांगायची गरज नसावी पण सांगते.

उलट ज्या व्हरोआ किडीने जगभर मेलिफेरावाल्यांची झोप उडवली तिचा मूळचा यजमानच ही पूर्वेकडची सातेरीची जात. दोघांनी हजारो वर्षं एकत्र काढलीत. किडीची पैदास इथे मुख्यतः नरांच्या घरांतच होते, माश्या एकमेकींच्या अंगावरून ती काढून टाकतात, आणि वसाहत सहसा तिच्यामुळे मरत नाही. म्हणून सातेरीवाल्याने व्हरोआची औषधं पेटीत घालत बसणं याला माझ्या मते काही अर्थ नाही. तिकडची भीती इकडे आणि इकडची तिकडे नको.

आता आवाज. पेटीच्या बाजूला बोटाने हलकी टिचकी मारायची. सातेरी फुस्स करते, सगळ्या माश्या एकदम पंख हलवतात त्याचा तो आवाज, सापासारखा, आणि बहुतेक शत्रूला घाबरवायलाच असतो. निरोगी पेटीत तो एकदा येतो आणि लगेच थांबतो. राणी नसलेल्या पेटीत तो थांबत नाही, एक कण्हल्यासारखी गुणगुण चालू राहते, वरखाली होत. मला आधी हे अंधश्रद्धेसारखं वाटायचं, पण दोन-चार वेळा असा आवाज ऐकून पेटी उघडली आणि आत अंडी नव्हती तेव्हापासून मी टिचकी मारते. उगीच सारखी मात्र मारू नये, त्यांना त्रास होतो.

एवढं सगळं बाहेरून बघून शंका आली तरच पेटी उघडावी असं माझं मत आहे, आणि यावर माझं अनेकांशी पटत नाही. शिकवताना आठवड्याला तपासणी सांगतात, फुलोऱ्याच्या दिवसांत ते ठीक आहे, पण पिल्लांच्या भागात माश्या ३३ ते ३६ अंशांच्या दरम्यान तापमान राखून असतात, आपण झाकण काढून चौकट वाऱ्यावर धरली की त्यांचा तेवढा वेळ आणि मध ते परत जमवण्यात जातो. शिवाय सातेरी नाजूक मनाची. सारखं उघडून बघितलं तर कंटाळून घर सोडून जाते, मेलिफेरा इतक्या सहज जात नाही.

उघडलीच तर राणी शोधत बसायचं नाही. नवीन लोक राणी दिसली नाही म्हणून तासभर चौकटी उलटसुलट करतात, तोवर माश्या चिडलेल्या, पिल्लं गार पडलेली. राणी दिसणं ही हौस आहे, कामाचं आहे ते अंडं. चौकट अशी धरायची की ऊन आपल्या खांद्यावरून घरांच्या तळाशी पडेल. तळाशी पांढरी बारीक शेवयाच्या तुकड्याएवढी काडी दिसते. पहिल्या दिवशी अंडं उभं असतं, मग कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. उभं अंडं दिसलं म्हणजे काल-आज राणी इथे होती, मग ती दिसो न दिसो, चौकट जागेवर ठेवा आणि झाकण लावा. एका घरात एकच अंडं, तळाच्या मध्यावर. एकाच घरात दोन-तीन, भिंतीला चिकटलेली, असं दिसलं तर कामकरी माश्या अंडी घालतायत, आणि सातेरीत राणी गेल्यावर हे फार पटकन सुरू होतं. फक्त एक लक्षात ठेवायचं, नवीन राणीही पहिले काही दिवस गोंधळून एका घरात दोन अंडी घालते, तेव्हा लगेच निकाल देऊ नये, आठवड्याने परत बघावं.

मग पिल्लं. मोत्यासारखी पांढरी, ओली चकचकीत, घराच्या तळाशी कोयरीसारखी वळलेली असायला हवीत. पिवळट, वितळल्यासारखी, पीळ पडल्यासारखी असतील तर काहीतरी बिघडलंय. आणि झाकलेली पिल्लं सलग हवीत. दाणे गच्च भरलेलं मक्याचं कणीस आणि मधेमधे दाणे गाळलेलं कणीस यात जो फरक तोच चांगल्या आणि वाईट राणीच्या चौकटीत. थोडी रिकामी घरं असणारच, आजारी पिल्लं माश्या स्वतःच काढून टाकतात, पण झाकलेल्या भागात तीन-चार घरांमागे एक रिकामं असलं तर राणी थकलीय किंवा रोग आहे. पिल्लांच्या वर परागाची कमान, तिच्या वर मधाची, ही रचना दिसली की मी पुढच्या चौकटी काढतसुद्धा नाही.

काजू फुललेला असतो तेव्हा, डिसेंबर ते फेब्रुवारीत, आणि नंतर जांभूळ, करंज, हिरडा येईपर्यंत पेटीत एवढी भर पडते की माश्यांना जागा कमी पडते. चौकटीच्या खालच्या काठाला शेंगदाण्यासारखे लोंबणारे राणीकोष दिसतात. हे आजाराचं नाही, उलट तब्येत उतू चालल्याचं लक्षण. जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन निघणार. मालकाला मात्र ते परवडत नाही, तेव्हा आधीच पेटी दोन भागांत करायची किंवा वर मधाचा खण चढवून जागा द्यायची. मे महिन्यात संध्याकाळी माश्या गेटबाहेर दाढीसारख्या लोंबतात ते वेगळं, ते नुसतं उकाड्याने, आणि तेव्हा पेटीला सावली आणि जवळ पाणी हवं. आमच्या विहिरीजवळच्या दोणीवर दुपारभर माश्या असतात, कुणी तक्रार केली तर मी म्हणते त्यांचा कूलर आहे तो.

खरी परीक्षा पावसात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे जे कोसळतं त्यात माशी बाहेर पडणार कधी आणि बाहेर पडली तरी मकरंद धुऊन गेलेला. या दिवसांत पेटी लहान होते, आणि लहान झाली म्हणजे आजारी झाली असं नाही. आठ चौकटींची चारवर आली, तरी चारही माश्यांनी झाकलेल्या आहेत, थोडी अंडी आहेत, वर बोटभर मध आहे, नर हाकलून दिलेत, तर मी तिला धडधाकट म्हणेन. नर हाकलणं हे मुद्दाम लिहितेय. फुलोरा आटला की कामकरी माश्या नरांना बाहेर काढतात कारण ते खातात आणि काम करत नाहीत. आषाढात एखाद्या पेटीत नर अजून मजेत फिरतायत तर राणीबद्दल संशय घ्यावा.

जायच्या तयारीतली पेटी ओळखता येते. राणी अंडी घालायची थांबते, झाकलेली पिल्लं एकेक करून बाहेर पडतात पण मागे नवीन अंडी नाहीत, साठवलेला मध संपवला जातो, पराग यायचा बंद होतो. शेवटची पिल्लं बाहेर आली की पाऊस थांबल्याचा एखादा उघडा दिवस बघून सगळी वसाहत निघून जाते. वेळेत दिसलं तर साखरेचा पाक संध्याकाळी, पेटीच्या आत, थेंबभरही बाहेर न सांडता द्यायचा, कारण बाहेर सांडला की शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात आणि गेटवर मारामारी. मुंग्या-डोंगळे तर तयारच असतात, म्हणून स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, आणि त्या वाट्यांत पडलेलं पान काढायचं, कारण मुंगी पानावरून पूल करते. भाद्रपदानंतर गांधीलमाश्या गेटसमोर घिरट्या घालायला लागतात, वेडे राघूही तारेवर येऊन बसतात. मजबूत पेटी त्यांना पुरून उरते. सातेरी घोळक्याने गांधीलमाशीला वेढून नुसत्या अंगाच्या उष्णतेने मारते. कमजोर पेटीतल्या माश्या आत दडून बसतात, आणि दिवसभर बाहेर न पडणं हेही एक लक्षणच.

म्हणून मेअखेर वरच्या खणातला सगळा मध काढणाऱ्यांचा मला राग येतो. २० मे हा जागतिक मधमाशी दिवस, त्या दिवशी सगळीकडे फोटो, भाषणं, आणि त्याच आठवड्यात इथे पावसाआधी शेवटचा मध म्हणून पेट्या खरवडल्या जातात. शिवाय किनाऱ्यावरच्या दमट हवेत चौकटीतला मध माश्यांनी मेणाने नीट झाकलेला नसेल तर मधात पाणी जास्त राहतं, नियमाने ते २० टक्क्यांच्या वर नको, आणि तसा मध दोन महिन्यांत बाटलीत फसफसतो. म्हणजे माशीही गेली आणि मधही गेला.

विषाचं राहिलं. आंब्याला तुडतुडे, काजूला ढेकण्या, फवारणी करावीच लागते हे मला मान्य आहे, बागायतदाराचं वर्षाचं पोट त्याच्यावर आहे. पण ऐन फुललेल्या मोहरावर सकाळी दहा वाजता पंप चालवला की माशी त्यातच सापडते, आणि काजूच्या फुलाला फळ धरायला कीटकच लागतात, त्याचा चिकट पराग वाऱ्याने फारसा जात नाही, म्हणजे नुकसान दोघांचं. सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटर फिरते, तेवढ्या अंतरातल्या बागवाल्यांशी बोलून ठेवायचं, फवारणी संध्याकाळी करा, आदल्या दिवशी फोन करा. बहुतेक लोक करतात. मध काढला की त्यांच्याकडे एकेक बाटली पोचती होते, त्याचाही हातभार असेल.

हल्ली पेटी विकत घ्यायची म्हणून बरेच जण विचारतात. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथे प्रशिक्षण मिळतं, तिथून जवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं तेव्हापासून उत्साह वाढलाय, चांगलंच आहे. पण माश्यांसकट पेटी कुणाकडून घेणार असाल तर दुपारी जेवून आरामात जाऊ नका, सकाळी आठला जा आणि आधी गेटजवळ बसा. विकणारा पेटी उचलून दाखवेल, बघा किती जड आहे म्हणेल. म्हणू दे. राणी आहे, परवाच बघितली असंही म्हणेल. राणी राहू दे, अंडी दाखव म्हणायचं, झाकलेल्या पिल्लांच्या निदान दोन-तीन चौकटी बघायच्या, नरांच्या टोप्यांवरच्या भोकांना घाबरायचं नाही आणि कामकरी झाकणांवरच्या भोकांना सोडायचं नाही. सौदा ठरला की गेट अंधार पडल्यावर, सगळ्या माश्या आत आल्यावर जाळीने बंद करायचं, रात्रीच गाडीत घालायची, चौकटी गाडीच्या लांबीच्या दिशेने राहतील अशी, म्हणजे ब्रेक लागला की एकमेकींवर आपटत नाहीत. घरी पोचल्यावर सकाळचं कोवळं ऊन लागेल आणि दुपारी सावली येईल अशा जागी ठेवा, गेट उघडा, आणि पहिले आठ दिवस झाकणाला हात लावू नका.